विंडोज बदलली, नोंदवहीचे काय?



मागच्या हंगामातली गोष्ट. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरायला एक आबा वाडीवरून आले होते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, आठ-अ, पासबुक, आधार कार्ड, सगळे झेरॉक्ससह. दुपारनंतर गाडी नाही म्हणून सकाळच्याच एसटीने आलेले. त्यांच्या पुढे चौघे होते. आबांचा नंबर लागला, परिचालक पोराने नाव टाकायला घेतले आणि पडदा निळा झाला. 'अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका.' टक्केवारी दहावर, मग अठरावर, मग तीसवर. तीसवर थांबली ती थांबलीच.

आबांनी विचारले, "पोरा, किती वेळ चालंल हे?"

"आबा, ते त्यालाच ठाऊक."

अर्ध्या तासाने वीज गेली. इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली. त्या दिवशीचे काम तिथेच संपले.

आबांचा अर्ज दुसऱ्या दिवशी गेला, मुदतीत गेला, म्हणून बरे. पण दोन खेपांचे भाडे गेले आणि दोन दिवसांचे काम बुडाले. जाताना ते मला म्हणाले, "साहेब, रान नांगरायचं तर आम्ही वापसा बघतो. ह्या यंत्राचा वापसा कोण बघतो?"

मी त्या वेळी हसलो. रात्री विचार केला तेव्हा ध्यानात आले, की आबांचा प्रश्न अगदी बरोबर होता. अपडेट कोणत्या वेळी घ्यायचे नाही, हे सांगायची सोय संगणकातच असते. आम्ही ती कधी उघडूनही पाहिली नव्हती. कसूर आमची होती, भुर्दंड आबांना पडला. म्हणून हा लेख. यात संगणकाचे शास्त्र शिकवायचे नाही, तेवढे माझेही शिक्षण नाही. पण गावच्या संगणकापायी रोज जी अडवणूक होते ती का होते, आणि आपल्या हातात काय आहे, एवढे सांगायचे आहे.

पीटीओचा दांडा

गावात आज संगणक कुठे नाही? ग्रामपंचायतीत आहे, विकास सोसायटीत आहे, दूध संस्थेत आहे, सेवा केंद्रात आहे, खताच्या दुकानात गल्ल्याशेजारी आहे. यांतल्या बहुतेकांवर मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज चालते. पुस्तकात तिला कार्यप्रणाली म्हणतात. शब्द अवघड आहे, गोष्ट सोपी आहे.

ट्रॅक्टरचे इंजिन एकीकडे आणि रोटाव्हेटर, मळणीयंत्र दुसरीकडे. इंजिनची ताकद अवजारापर्यंत नेतो तो पीटीओचा दांडा. संगणकात सीपीयू, पडदा, प्रिंटर हे लोखंड. आणि बिलाचा, हिशेबाचा, टायपिंगचा प्रोग्रॅम हे अवजार. दोहोंची गाठ घालते ती विंडोज. दांड्याचे दाते बदलले तर कालचे अवजार आज बसत नाही. विंडोजची आवृत्ती बदलली की नेमके हेच होते. लोखंड तेच, अवजार तेच, पण जोडच बसत नाही.

नाव एक, वाण अनेक

बियाण्याच्या दुकानात नुसते 'कापसाचे द्या' म्हणून भागत नाही, वाण सांगावा लागतो. विंडोजचेही तसेच आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आली आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, स्टार्टचे बटण आले. १९९८ साली विंडोज ९८ आली. ऑक्टोबर २००१ मध्ये एक्सपी आली. या एक्सपीने कचेऱ्यांचे काम वर्षानुवर्षे ओढले. मालदांडी ज्वारीसारखी ती लोकांच्या अंगवळणी पडली होती.

२००७ च्या जानेवारीत व्हिस्टा बाजारात आली. ती जड, जुन्या संगणकांना झेपेना. शिवाय उठता-बसता 'परवानगी देता का?' म्हणून विचारायची. पुष्कळांनी तिला दारातूनच परत पाठवले आणि एक्सपीच चालू ठेवली. ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आली, ती मानवली. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आली आणि स्टार्टचे बटणच गायब! पडदाभर रंगीत चौकटी. बोटाने चालवायच्या पडद्यासाठी केलेली ती मांडणी, आणि आपल्या हातात माऊस. संगणक बंद कुठून करायचा, हेच लोकांना सापडेना. वर्षभराने ८.१ मध्ये बटण परत आले. जुन्या वळणाची यादी परत यायला मात्र जुलै २०१५ ची विंडोज १० यावी लागली. मधली ९ कधी निघालीच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आली. तिने स्टार्टचे बटण कोपऱ्यातून उचलून मध्यावर आणले, आणि माऊसचे उजवे बटण दाबल्यावर येणारी यादी आखूड करून ओळखीचे बरेच पर्याय आणखी एका पायरीमागे ढकलले.

तुम्ही म्हणाल, बटण इकडचे तिकडे झाले तर बिघडले काय? एका सोसायटीच्या सचिवांचे उदाहरण देतो. रोजकीर्द आणि खतावणी तीस वर्षे बिनचूक लिहिणारा माणूस. संगणक आल्यावर त्यांनी मुलाकडून सगळ्या पायऱ्या वहीत उतरवून घेतल्या. 'डावीकडे खाली दाबा, वर तिसरी ओळ, मग दुसरी खिडकी.' त्या वहीवर त्यांचे काम सुरळीत चालले होते. मग संगणक बदलला आणि अख्खी वही एका दिवसात निकामी झाली. कर्जदार समोर बसलेले आणि सचिव पडद्यावर बटण शोधताहेत. मागून कुणीतरी म्हणाले, "अण्णांना येत नाही वाटतं." अण्णांना येत होते हो! जागा बदलली होती. जे डोळ्याने वाचून नव्हे, तर हाताच्या सवयीने शिकले, त्यांना प्रत्येक नवी आवृत्ती पुन्हा पहिलीच्या वर्गात बसवते. अशा माणसाला हसण्याआधी आपण जरा थांबावे.

यावर उपाय किरकोळ आहे. विंडोज ११ मध्ये खालच्या पट्टीवर मोकळ्या जागी उजवे बटण दाबले की टास्कबार सेटिंग्ज उघडते. तिथे पट्टीची मांडणी 'मध्य' ऐवजी 'डावीकडे' अशी निवडता येते. बटण जुन्या कोपऱ्यात परत येते. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते अण्णांना कुणी सांगितले नव्हते.

नव्या ट्रॅक्टरला जुनी अवजारे

खरी अडचण बटणाची नाही, जुन्या प्रोग्रॅमची आहे. दूध संस्थेचेच पाहा. सकाळी सहाला किटल्या घेऊन रांग लागते. फॅट मशीनला नमुना लावला की आकडा केबलमधून संगणकात जातो, लिटर टाकले की पावती बाहेर. दहा दिवसांनी बिल. त्या बिलावर कुणाच्या घरचा किराणा असतो, कुणाचा कर्जाचा हप्ता.

अनेक ठिकाणी हा हिशेब ज्या प्रोग्रॅमवर चालायचा तो डॉसच्या काळातला, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या घडणीचा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे. दिसायला गावठी, पण वेगवान. आता यात एक मेख आहे. विंडोजचे ३२-बिट आणि ६४-बिट असे दोन प्रकार. ३२-बिट विंडोज हे जुने डॉस प्रोग्रॅम चालवू शकते, ६४-बिट विंडोज थेट चालवू शकत नाही. विंडोज १० पर्यंत दोन्ही प्रकार मिळायचे. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. म्हणजे नवा संगणक आणला, जुना प्रोग्रॅम त्यात उतरवला, की 'हा प्रोग्रॅम या संगणकावर चालणार नाही' एवढी एक ओळ येते. उद्या बिल वाटायचे आणि आज ही ओळ!

केबलचेही तसेच. फॅट मशीनची जुनी केबल नऊ पिनांच्या सिरियल जोडाची. नव्या संगणकांना तो जोड बहुधा नसतो. मग यूएसबीचा तुकडा लावावा लागतो आणि त्या तुकड्याला आपल्या आवृत्तीचा ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे यंत्राची विंडोजशी ओळख करून देणारा छोटा प्रोग्रॅम. जुन्या आवृत्तीचा ड्रायव्हर नवीला चालेलच असे नाही, ३२-बिटचा तर ६४-बिटला चालतच नाही. जाड केबलचे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र, डिजिटल सहीची यूएसबी, सगळ्यांना हाच नियम. यंत्र धडधाकट असते, नुसती ओळख होत नाही म्हणून अडगळीत जाते.

संकेतस्थळांचेही तेच झाले. काही जुनी सरकारी आणि बँकांची पाने फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये नीट उघडत. तो ब्राउझर कंपनीने जून २०२२ मध्ये निवृत्त केला. त्याच्या जागी आलेल्या एजमध्ये जुनी पाने दाखवणारी 'आयई मोड' नावाची सोय ठेवली आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी लागते. ठाऊक नसले की माणूस म्हणतो, साइट बंद पडली.

यातून कसे निघावे, हे एका दूध संस्थेच्या सचिवांकडून शिकण्यासारखे आहे. त्यांनी नवा संगणक आणला, पण जुना काढला नाही. सलग तीन बिले दोन्हींवर काढली. पैशापैशाचा ताळा जमला तेव्हाच नवा हिशेब खरा मानला. जुना संगणक नेटपासून तोडून कोपऱ्यात ठेवला आहे. मागची खाती पाहायची झाली तरच लावतात. नवा वाण आपण आधी दोन गुंठ्यांवर घेऊन पाहतो, सगळ्या रानात एकदम पेरत नाही. त्यांनी तेच केले.

'शेतकरी' शब्दच फुटतो

आता माझ्या स्वतःच्या फजितीची गोष्ट. माती नमुन्यांची एक यादी मी काही वर्षांपूर्वी टाइप केली होती. गटवार नावे, गट नंबर, नमुना कुठून घेतला, सगळे. दोनशे चाळीस नावे. संगणक बदलला, फाइल पेनड्राइव्हवरून आणली, उघडली. एकही मराठी अक्षर नाही! इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे, उद्गारचिन्हे यांचा नुसता पाचोळा. छापील प्रत होती ती निम्म्या पानांची. बाकीची नावे मिळवायला मला पुन्हा वाड्यावस्त्या फिराव्या लागल्या, आणि तीन रात्री बसून यादी पुन्हा केली. त्यात दोघे जण परगावी गेलेले, त्यांचे नमुने कुठल्या गटातले हे आजही नक्की सांगता येत नाही.

असे का झाले? जुन्या मराठी फाँटची गंमत अशी, की आत साठवलेले अक्षर इंग्रजीच असते. फाँट त्याला वरून मराठी अंगरखा घालतो. तो फाँट नव्या संगणकात नसला की अंगरखा उतरतो आणि आतला इंग्रजी सांगाडा दिसतो. फाँट वेगळा तर अंगरखाही वेगळा, म्हणून एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक आहे. देवनागरीला त्यात १९९१ पासून जागा आहे. पण ती विंडोजमध्ये आली २००० साली, विंडोज २००० बरोबर, मंगल नावाच्या फाँटसह. एक्सपीत सोय होती, पण एका खुणेमागे लपलेली. ती खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. सीडी कुणाकडे असायची? म्हणून लोक जुन्या फाँटवरच राहिले. व्हिस्टापासून पुढे ही सोय आपोआप चालू असते. मे २०१९ च्या अपडेटने विंडोज १० मध्ये मराठी उच्चाराप्रमाणे टाइप करायचा कळफलकही दिला. म्हणजे 'सोय नाही' ही सबब आता उरलेली नाही.

युनिकोडमध्येही एक खड्डा आहे, आणि तो नेमका आपल्याच वाटेत आहे. 'शेतकऱ्यांना' हा शब्द घ्या. साधा 'र' घेऊन पाय मोडला आणि 'य' लावला की रफार होतो आणि शब्द 'शेतकर्यांना' असा उमटतो. कितीतरी छापील पत्रकांत तुम्ही हा फुटका शब्द पाहिला असेल. बरोबर यायचा तर वेगळा 'ऱ' घ्यावा लागतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून 'र' ची कळ दाबली की तो येतो. मग पाय मोडायचा आणि 'य' लावायचा. दुसराही एक मार्ग आहे. साध्या 'र' पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालायचे. दिसायला दोन्ही सारखे, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. कुऱ्हाडे आडनावाचा माणूस एका यादीत एका पद्धतीने आणि दुसऱ्या यादीत दुसऱ्या पद्धतीने लिहिला गेला, की नाव शोधल्यावर 'नोंद सापडली नाही' असे येते. माणूस समोर उभा, कागद हातात, आणि यंत्र म्हणते नोंद नाही. म्हणून नाव टाकणाऱ्या प्रत्येक परिचालकाने आपल्या कचेरीत 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' एकाच पद्धतीने लिहायचे ठरवून घ्यावे. नाव सापडले नाही तर नुसत्या गट नंबरावरून शोधून पाहावे. 'नोंद नाही' हे वाक्य सगळ्यात शेवटी उच्चारावे.

लस बंद झाली म्हणजे

आता सगळ्यात महत्त्वाचे. जनावरांना लाळ्या-खुरकुताची लस एकदा टोचून भागत नाही, ती पुन्हापुन्हा टोचावी लागते. विंडोजमध्येही चोरवाटा सापडत राहतात आणि कंपनी त्या अपडेटने बुजवत राहते. पण प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. मुदत संपली की लस बंद. एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ ला संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला, ८.१ ची १० जानेवारी २०२३ ला. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे.

मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशीही तो तसाच चालू होतो, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो. मे २०१७ मध्ये काय झाले ते आठवा. वॉनाक्राय नावाचा घातकी प्रोग्रॅम एकाच वेळी जगभर पसरला. संगणकातल्या फायलींना कुलूप घालायचा आणि ते काढायला ३०० डॉलर मागायचा. ज्या चोरवाटेने तो शिरला ती बुजवणारे अपडेट दोन महिने आधी, मार्चमध्येच आले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, किंवा ज्यांच्या आवृत्तीला ते मिळतच नव्हते, ते सापडले. ब्रिटनमधली सरकारी रुग्णालये अडली. आपल्या देशात केरळातल्या वायनाड आणि पथनमथिट्टा जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायत कचेऱ्यांमधले संगणकही त्यात सापडले. म्हणजे 'आमच्या खेड्यातल्या संगणकाला कोण कशाला हात लावतंय' हा समज खरा नाही. असा प्रोग्रॅम गाव पाहून येत नाही, उघडे दार पाहून येतो.

विंडोज १० वाल्यांनी काय करावे? चांगला संगणक असेल तर विंडोज ११ फुकट घेता येते. पण तिच्या अटी कडक आहेत. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि प्रोसेसर ठरलेल्या यादीतला. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे २०१६-१७ च्या सुमारास घेतलेले बरेच संगणक चांगले चालत असूनही या अटींत बसत नाहीत. गाय दूध देते आहे, पण बिल्ला नाही म्हणून बाजारात उभी करता येत नाही, तशातला प्रकार.

अशांसाठी कंपनीने जोडमुदत ठेवली. घरगुती संगणकांना ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठरवली आहे. संस्थांना पैसे भरून जास्तीत जास्त तीन वर्षे घेता येते, पण दर वर्षी दर दुप्पट होतो. तेव्हा हा कायमचा उपाय नव्हे, नवे घर होईपर्यंतची झोपडी समजावी.

दुसरी वाट लिनक्सची. उबंटू, मिंट किंवा आपल्याच सी-डॅक संस्थेची बॉस ही कार्यप्रणाली मोफत मिळते आणि जुन्या संगणकावरही बऱ्यापैकी चालते. टायपिंग, तक्ते, नेट, मुलांचा अभ्यास यांना ती पुरते. मात्र डिजिटल सही, अंगठ्याचे यंत्र आणि ठरावीक हिशेबाचे प्रोग्रॅम तिच्यावर चालतात का, हे आधी पडताळून पाहावे. नाहीतर आगीतून फुफाट्यात.

बाजारात आणखी एक वाट दाखवली जाते. 'फॉरमॅट मारून देतो, अटी चुकवून नवी विंडोज टाकून देतो.' फॉरमॅट मारणे म्हणजे रान जाळून साफ करणे. त्यात तुमच्या नोंदीही जळतात. अटी चुकवून टाकलेल्या विंडोजला पुढची अपडेट मिळतीलच याची कंपनी हमी देत नाही. चोरीच्या प्रतीची तर गोष्टच नको. गावच्या नोंदी तसल्या पायावर ठेवू नयेत.

आजच करण्यासारखे

१. आपली आवृत्ती ओळखा. कळफलकावरची विंडोज चिन्हाची कळ आणि 'आर' एकदम दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही अक्षरे टाइप करून एंटर दाबा. आवृत्ती समोर येईल. ती कागदावर लिहून सीपीयूवर चिकटवा.

२. अपडेटचा वापसा ठरवा. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटखाली 'कामाचे तास' ठरवता येतात. कामाचे तास जास्तीत जास्त १८ ठेवता येतात; त्या वेळात संगणक अपडेटसाठी आपणहून बंद-चालू होत नाही. अर्जांच्या शेवटच्या आठवड्यात अपडेट तात्पुरते थांबवण्याचीही सोय आहे. पण गर्दी ओसरली की आठवणीने चालू करा. कायमचे बंद ठेवणे म्हणजे लस चुकवणे.

३. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालत असेल तर त्या जोडणीला 'मीटर्ड' अशी खूण करा. नाहीतर अपडेट दिवसाचा सगळा डेटा पिऊन टाकते आणि अर्ज अर्ध्यावर राहतो.

४. अपडेट चालू असताना वीज गेली तर नुकसान होऊ शकते. यूपीएसची बॅटरी तपासा. फवारणीचा पंप हंगामाआधी तपासतो, तसे.

५. नोंदींच्या दोन प्रती संगणकाबाहेर ठेवा. एक पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर, आणि ती काम झाले की काढून ठेवलेली. दुसरी वेगळ्या इमारतीत. महत्त्वाच्या याद्यांची छापील प्रत दर महिन्याला फाइलला लावा. कागदाला आवृत्ती लागत नाही.

६. मराठी मजकूर युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटमधल्या फायली युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्रॅम मिळतात. जुना फाँट असलेला संगणक चालू आहे तोवरच हे काम उरका, आणि बदललेली यादी मूळ यादीशी ताडून पाहा.

७. जुना हिशेबाचा प्रोग्रॅम बदलताना नव्या विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा : 'आमची मागची खाती यात येतील का, आणि उद्या तुम्हाला सोडले तर ती साध्या तक्त्यात काढून मिळतील का?' जुन्या प्रोग्रॅमच्या डीबीएफ प्रकारच्या फायली लिब्रे ऑफिस या मोफत प्रोग्रॅमच्या तक्त्यात उघडतात, हेही ध्यानात ठेवा.

८. जुना संगणक भंगारात देण्याआधी तीन बिले किंवा एक पूर्ण महिना नव्याबरोबर चालवा. मुदत संपलेला संगणक ठेवायचाच असेल तर नेटशिवाय ठेवा, आणि त्याला लावलेला पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय दुसरीकडे लावू नका.

प्रश्न विचारा

विंडोज पुन्हा बदलणार. बटण पुन्हा कुठेतरी जाणार. त्यावर आपला ताबा नाही. पण सातबारावरचे नाव, दुधाचे लिटर, सोसायटीचे येणे-देणे, माती नमुन्याचा गट, या नोंदी आपल्या आहेत. त्या एखाद्या आवृत्तीच्या भरवशावर सोडायच्या की जपायच्या, हे मात्र आपल्या हातात आहे. पूर्वीचे कारभारी दप्तर पेटीत ठेवत, पेटीला कुलूप लावत आणि पावसाळ्यानंतर कागद उन्हात घालत. संगणक आला म्हणून ती काळजी संपली नाही, फक्त तिची रीत बदलली.

म्हणून एक विनंती. येत्या ग्रामसभेत, दूध संस्थेच्या किंवा सोसायटीच्या बैठकीत, उठून एवढाच प्रश्न विचारा : 'हा संगणक उद्या बंद पडला तर आपल्या नोंदींची दुसरी प्रत कुठे आहे?' विचारताना ग्रामसेवक भाऊसाहेबांना किंवा परिचालक पोराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. त्यांनाही हे कुणी शिकवलेले नसते, आणि यूपीएसच्या बॅटरीला पैसे मंजूर करणारे आपणच असतो. उत्तर मिळाले तर उत्तम. न मिळाले तर त्याच बैठकीत कोण, कुठे आणि किती दिवसांनी प्रत काढणार, हे ठरवून इतिवृत्तात लिहून घ्या.

आबांच्या गावाकडच्या त्या केंद्रात आता कामाचे तास ठरवले आहेत आणि बॅटरीही नवी आली आहे. परवा आबा भेटले. म्हणाले, "आता बघता का वापसा?" मी म्हटले, "बघतो."